फाइलच्या तळाशी ठेवलेला अर्ज

ऑम्लेट अर्धे संपले होते, तेव्हा क्रू-लिस्टमधल्या एका नावावर माझी नजर थांबली. चीफ कुक. जन्मस्थान कराची.

कारगिलच्या युद्धाचे दिवस होते. न्हावा-शेवा बंदरात मी एका शिपिंग एजन्सीचा बोर्डिंग क्लार्क होतो. म्हणजे जहाज धक्क्याला लागताच कागदपत्रांसाठी वर चढणारा माणूस. त्याला जहाजावर न्याहारी देण्याची रीत असते. मी ती निःसंकोच खात असे.

कॅप्टनने आणखी एक कागद पुढे केला. कुकच्या हातावर उकळते तेल सांडून जखम चिघळली होती. उपचारासाठी त्याला उतरवण्याचा तो अर्ज होता. शत्रुराष्ट्राच्या खलाशाला किनाऱ्यावर बंदी होती. मात्र त्याला परत आणण्याची लेखी हमी एजंटने दिली, तर पोलीस पहाऱ्यात इस्पितळापर्यंत नेता येई. हमीवर सही माझी लागणार होती.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सीमेवर होता. सतरा दिवस त्याचे पत्र नव्हते. मी नकार दिला नाही. अर्ज फाइलच्या तळाशी ठेवला आणि बाकीची कामे सावकाश करत राहिलो.

दुपारी एक वाजता आमचे मॅनेजर पै साहेब यांचा धक्क्यावरच्या केबिनमध्ये फोन आला.

"गोरे, कॅप्टनने दोनदा विचारलं. अर्ज कुठाय?"

"माझ्याकडेच आहे, साहेब."

"तुमच्याकडे राहून त्याचा हात बरा होणार आहे का?"

  मग पै साहेबच हळू म्हणाले, "भावाची काळजी मलाही आहे हो. जमत नसेल, तर मी येऊन सही करतो."

"नको साहेब. मीच करतो."

परवानगी घेऊन मी कुकला आणायला गेलो. पन्नाशीचा माणूस, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, कोपरापर्यंत सुजलेला. मला पाहून तो ओशाळून म्हणाला, "साब, ऑम्लेट में नमक ज़्यादा तो नहीं था? बाएँ हाथ से अंदाज़ा नहीं लगता."

"ठीक था," एवढेच मला म्हणता आले.

पहाऱ्याला साताऱ्याकडचे हवालदार होते. मी बेडीबद्दल विचारले.

"कुठं घालू? मनगट कुठलं नि हात कुठला, कळतंय का तुमास्नी?" असे म्हणून त्यांनी तो हात नेरूळच्या इस्पितळापर्यंत स्वतःच्या खांद्यावर उंच धरून ठेवला.

डॉक्टरांना तर्जनी काढावी लागली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "सकाळीच आणला असता, तर कदाचित वाचली असती."

जहाजावर परतताना कुकने डाव्या हाताने माझा हात धरला. "आपने बड़ी दौड़-धूप की, साब." मी त्याला खरे सांगितले नाही.

पुढल्या आठवड्यात भावाचे पत्र आले. मी अर्ज अडवला म्हणून ते एक दिवसही लवकर आले नव्हते.

नव्या क्लार्कांना मी एवढेच शिकवत आलो: सही करायची नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. म्हणजे दुसरा कोणी तरी ती वेळेत करील.