बिघडलेल्या मालाची खुंटी

आम्ही जीनगर. धारच्या दरबारची खोगिरं, लगाम, घोड्याच्या पोटाचे तंग, सगळं आमच्या घराच्या पुढच्या लांब पडवीत शिवलं जायचं. राजाबरोबर दक्षिणेतून आलेल्या पूर्वजांनी जी मापं आणली, त्याच मापानं शिवलं जायचं. माझं माहेर हाटपिपल्याचं. तिथे माझे वडील गिऱ्हाईक मागेल ते शिवायचे, आज बैलाचा पट्टा, उद्या मृदंगाची वादी. लग्न होऊन धारला आले तर इथे टाकासुद्धा ठरलेला. नवी नवरी असताना मी विचारलं, हा टाका असाच का? सासूबाई म्हणाल्या, "असाच असतो." मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी गप्प बसले. तेवढंच काय ते गप्प बसणं.

पुढे सासूबाई गेल्या, सासरे गेले, आणि दरबारात मोटार आली. सगळं गाव बघायला धावलं. आमचे कारागीरही धावले आणि हसतखेळत परत आले. हे मात्र भिंतीला टेकून बसले होते. "खोगीर नाही लागत तिला," एवढंच म्हणाले. मोटारी वाढत गेल्या तशी कामं आटली. बसल्या जागी जुनं खोगीर उसवायचं, तेच पुन्हा शिवायचं, असं करून दिवस भरायचे. पडवीत पाच माणसं, माझे धाकटे दीर सहावे, आणि सगळ्यांची तोंडं बारावं जेवल्यासारखी.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्या कारागिरानं काहीतरी पटकन मांडीखाली सारलं. मी पेला खाली ठेवला आणि हात पुढे केला. "काढा बाहेर." त्यानं काढलं. छत्रीची पिशवी होती, उरलेल्या कातड्याची. एका अंगाला आखडलेली, पण बंद मोठा झोकदार.

"लपवता कशाला?"

"काकी, मालक म्हणतील कातडं वाया घालवून राहिला."

मला राग आला. त्याच्यावर नाही. जे लोक अर्ध्या आयुष्यात दुसऱ्याच्या मापाबाहेर कातड्यावर रापी चालवू शकले नाहीत, ते आता दरबार थंडावल्यावर नवं काय काढणार? आणि काढलंच, तर मांडीखाली. रात्री वाढताना मी यांना म्हटलं, "अहो, उरलेलं कातडं त्यांना देऊन टाका. काय करायचं ते करू द्या."

"आणि बिघडलं म्हणजे?"

"बिघडलं तर खुंटीला टांगायचं. सगळ्यांना दिसेल असं. कोणी रागवायचं नाही, कोणी हसायचं नाही."

"हसायचं नाही हे तुला जमेल का?" हे म्हणाले. ते मला जमलं नाही, हे खरं आहे. पण खुंटी ठोकली गेली. आणि खंडेनवमीला, आमच्याकडे रापी, आऱ्या, ठोकणी मांडून झेंडूची फुलं वाहतात तेव्हा, प्रत्येकानं वर्षातली स्वतःची एक नवी वस्तू हत्यारांपुढे ठेवायची असं मी ठरवून टाकलं. नवी जमली नसेल त्यानं बिघडलेली ठेवायची. रिकाम्या हातानं मात्र आरतीला यायचं नाही.

पहिल्या वर्षी काय काय आलं! एक कातडी बादली, जी पाणी भरल्याबरोबर रडायला लागली. एक टोपी, जी घालून दीर घरभर फिरले आणि मग मानेला खाज सुटली म्हणून तेल चोळत बसले. म्हाताऱ्याची छत्रीची पिशवी, आता सरळ. आणि दिरांनी केलेला वळकटीचा पट्टा. दोन पट्टे आणि त्यांना जोडणारी एक मूठ, अंथरूण गुंडाळून हातात धरायला. मूठ मधोमध घ्या हे मी सुचवलं होतं, कारण वळकटी काखेत मारून चालण्याची पाळी बायकांवरच यायची. हे पूजेला बसले होते. त्यांनी त्या पट्ट्यालाही कुंकू लावलं. मी दाराशी उभी होते. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत गजबजलेले. पडवीतून सारखी हाक यायची. "काकी, दोरा!" "वहिनी, मेण कुठंय?" "काकी, हे बघा, हसू नका." दोऱ्याला मेण मी लावायचे, अस्तर मी बेतायचे, आणि काय विकलं जाईल यावर माझं मत कोणी मागितलं नाही तरी मी द्यायचे. जेवायला सगळे एका पंगतीला. पोर आम्हाला नव्हतं. पण खरं सांगते, त्या वर्षांत त्याची आठवण व्हायला सवड मिळाली नाही.

पट्टे फार खपले, आणि तिथेच माझ्या पायाखालची जमीन सरकायला लागली. धार पडलं आडबाजूला. वळकटी बांधून मोटारीत बसणारा माणूस आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या देवासला. दीर म्हणाले, "देवासला एक दुकान टाकू." मीच म्हटलं, टाका. दोन कारागीर घेऊन ते गेले.

देवास म्हणजे एक गाव आणि दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचं, त्या अंगाला दुसऱ्याचं. दोन्हीकडच्या एकेका मानकऱ्यानं प्रवासाचं सामान करायला सांगितलं, आणि दिरांनी अस्सल धारच्या माणसाची चूक केली. धारला दोन मानकऱ्यांना हुबेहूब एकसारखा माल देणं म्हणजे मान. त्यात कमी-जास्त झालं तर रुसवे. म्हणून त्यांनी एकाच कातड्यातून दोन्ही नग कापले, एकाच घडणीची पितळी बकलं लावली आणि एकाच दिवशी मोठ्या अभिमानानं पोचवले. दोन्ही परत आले. कारण कोणी सांगेना. शेवटी शेजारच्या हलवायानं सांगितलं, "भिया, जो उनका, वोही इनका? ऐसा यहाँ नी चलता."

तो घोळ निस्तरायला हे स्वतः गेले. "दिवाळीपर्यंत येतो," म्हणाले. तिथे त्यांनी रस्त्याच्या पलीकडे दुसरं दुकान काढलं, माणसं वाटली, बकलं वेगळी, टाके वेगळे, पाट्या वेगळ्या. दोन्ही दुकानांनी जोर धरला. मग धारचे उरलेले कारागीरही एक एक करून बोलावले गेले. म्हातारा सर्वांत शेवटी गेला. जाताना माझ्या पाया पडायला लागला; मी म्हटलं, "वय काय तुमचं, उठा." दिवाळी आली. हे आले, राहिले आणि परत गेले.

मी धारला राहिले. दरबारचे घोडे अजून होते, अधूनमधून दुरुस्ती यायची, आणि जुनं दरबारी घर बंद ठेवणं बरं दिसत नव्हतं. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार यायचा. "बाई, तंग टूटी गयो, आज को आज करी दो." मी करून द्यायचे. बाईच्या हातचं म्हणून पहिल्यांदा त्यानं नाक मुरडलं, मग मुकाट्यानं घेऊन गेला. बाकी पडवी रिकामी. मी किती दिवस जास्तच भात टाकत होते ते सांगायची लाज वाटते. संध्याकाळी भिंतीपलीकडे मास्तरांच्या घरी मुलांचे पाढे चालायचे, ते ऐकत मी उंबऱ्यात बसायचे. ऐकून ऐकून मास्तरीणबाईंना म्हटलं, मला अक्षरं शिकवा. लिहिती मी अशी एकटेपणामुळे झाले. कोणाशी बोलायला असतं तर पाटीला हात लावला नसता.

हे आले की मी विचारायचे, "मला कधी नेणार?"

"तू आहेस म्हणून मला धारची चिंता नाही," हे म्हणायचे. लोकांसमोरही कौतुकानं सांगायचे. माझ्यासारख्या बाईला जागच्या जागी खिळवून ठेवायला याहून चांगला खिळा नाही. मला तिथे जायचं होतं. धंदा वाढत होता तिथे, माझी माणसं होती तिथे. रोज सकाळी दार उघडताना माझ्या मनात तेवढीच एक गोष्ट असायची.

शेवटी एका खंडेनवमीला यांनी नेलं. मी नवं लुगडं नेसले. इंदुरापर्यंत गाडीनं, पुढे भाड्याच्या मोटारीनं. मोटारीत समोरच्या बाकावर आमच्याच घडणीची मूठ असलेली वळकटी होती, आणि मी त्या बाईकडे बघून उगाच हसत होते. तिनं पदर सावरला आणि दुसरीकडे बघायला लागली.

दुकानं बघून माझी छाती भरून आली. केवढी माणसं! निम्म्यांना मी ओळखतही नव्हते. ओळखीचे पाया पडले. म्हाताऱ्यानं माझ्यासाठी पाट मांडला, उशी लावली. "काकी, बसा." मी बसले. चहा आला. मी आत जाऊन दोऱ्याला मेण लावायला घेतलं, तर एका नव्या कारागिरानं अदबीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "आपण कशाला, काकी. माणूस आहे त्याला." मी अस्तराच्या बेताबद्दल बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, हो हो म्हटलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

पूजेला हत्यारांपुढे वस्तू मांडल्या. पट्टे, पेट्या, पिशव्या, सगळ्या सुरेख, नजर लागावी अशा. गेल्या वर्षीसारख्याच, असं दिरांनीच सांगितलं. मी विचारलं, "बिघडलेलं काय आहे? खुंटी कुठंय?"

नवे लोक एकमेकांकडे बघायला लागले. यांनी हसत समजावलं, "इथे बिघडवून कसं चालेल? दोन दरबारांची गिऱ्हाइकं. ठरलेला माल वेळेवर गेला पाहिजे." म्हाताऱ्यानं मान खाली घातली. कोणीतरी आरतीला सुरुवात केली. मी टाळ्या वाजवल्या.

मी तिथे काही दिवस राहिले. माझ्यासाठी खोली झाडून ठेवलेली, खिडकी रस्त्याकडे. स्वयंपाकाला बाई होती. तिखट जास्त टाकायची, पण तिला तरी काय बोलणार, ती कारखान्याची होती. मी खिडकीत बसून या दुकानातून त्या दुकानात जाणारी माणसं बघायचे. ती रस्ता ओलांडताना वर बघून नमस्कार करायची. हाक कोणी मारत नव्हतं.

एका दुपारी हे वर आले. बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलायचं असावं, कारण पाणी पिऊन मग बोलले. "आता तू इथेच राहा. धारला कोणाला तरी बसवू. फार वर्षं एकटीनं काढलीस."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं उंबऱ्यात बसले होते. डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "इथे माझं काम काय?"

यांनी खरोखर विचार केला. माणूस वाईट नव्हता. खिडकीतून खाली दोन्ही दुकानांकडे नजर टाकली, जणू तिथे माझ्यासाठी एखादी जागा राहून गेली आहे का ते बघत होते. मग माझ्याजवळ बसले आणि माझा हात हातात घेतला. दिवसाउजेडी असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"आता तुला काम कशाला?" हे म्हणाले.

इतक्या मायेनं म्हणाले की भांडताही येईना. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी धारला परत आले.