काटा फुल, टाकी रिकामी

कर्वेनगरच्या भीमराव शेलारांच्या मोटारसायकलवरचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं फुलवरच अडकलेला होता. भीमराव त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. त्यांची सगळी भिस्त ट्रिप मीटरवर. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर शून्यावर आणायचा, साडेतीनशेच्या पुढे गेला की पुन्हा पंप गाठायचा. पन्नासचं अ‍ॅव्हरेज ही आपल्या संसारातली एकमेव न बिघडलेली गोष्ट, असं ते सांगत. विमलाबाई समोर असल्या तरी सांगत.

दसऱ्याला विमलाबाईंना पहिलीच मोठी ऑर्डर होती. मार्केट यार्डातल्या गुळाच्या एका व्यापाऱ्याकडे अकराच्या पूजेआधी श्रीखंड पोचवायचं. जमलं तर दिवाळीच्या फराळाची ऑर्डरही विमलाबाईंनाच. स्टीलचा मोठा डबा मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. भीमरावांनी पाहिलं, तर मीटर शून्यावर. काल गाडी अभिनवने नेली होती. म्हणजे पोराने टाकी भरली! चिरंजीवांना अक्कल आली म्हणून ते खूश झाले. तोंडावर कौतुक नको, म्हणून बोलले मात्र नाहीत.

राजाराम पूल ओलांडला आणि दांडेकर पुलाजवळ गाडी दोनदा खोकून बंद पडली. भीमरावांनी ती गदागदा हलवली. टाकीत थेंबाचा आवाज नाही.

"अहो, काटा तर फुल आहे."

"गाडी भंगारात जाईल तेव्हाही तो फुलच असेल. मीटर बघ! आत्ता कुठे चार-पाच किलोमीटर झालेत. टाकी न भरता शून्य करतोच कसा हा अभिनव?"

विमलाबाईंनी डबा जरा जवळ ओढला. "शून्य मी केलं."

"तू?"

"सकाळी गाडीची पूजा केली ना. म्हटलं, दसऱ्याला सगळं नव्याने सुरू व्हावं. जुना आकडा कशाला? दाबलं बटण."

"मग पेट्रोललाही कुंकू लावायचं होतंस!"

"लावलं असतं. होतं कुठे?"

भीमराव गाडी ढकलू लागले, तशी एक स्कूटर शेजारी थांबली. चालवणाऱ्या बाईंच्या गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र होतं.

"काका, ढकलताय की व्यायाम चाललाय?"

"पेट्रोल संपलंय. आणि हिला अकराच्या आत मार्केट यार्डात पोचायचंय."

"मी बिबवेवाडीला ड्यूटीवर निघालेय. वाटेतच आहे. बसा काकू."

विमलाबाई डब्यासकट बसल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी.

झेंडूचा हार घातलेली गाडी ढकलत भीमराव घामाघूम होऊन पंपावर पोचले. पंपावरचा माणूस काट्याकडे बघून म्हणाला, "फुल आहे की. टाकू कुठे?"

"माझ्या डोक्यावर टाका."

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले हो! आरतीच्या आधी. त्या स्कूटरवाल्या रुकसानाने काय गाडी चालवली! शेटजींनी बोटभर चाखलं आणि लगेच म्हणाले, फराळाचं आत्ताच ठरवू."

"वा! थांब तिथेच, मी घ्यायला येतो."

"नको, नको. मी बसने येते. तिच्यात पेट्रोल किती आहे, ते आपल्याला बघावं लागत नाही."