चित्राबाहेरचे दोन हात कापड

या सदरातील अनुभव मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि, स्पष्टच लिहितो, तुच्छतेने वाचत आलो आहे. पिंपळाखालची बाई, वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा, मागे वळून पाहिले तर कोणीच नाही... असल्या मजकुराखाली लोक ‘अंगावर काटा आला’ असे लिहितात, तेव्हा मला लिहिणाऱ्यापेक्षा काटा येणाऱ्यांची अधिक कीव येते. मी महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालो. चार माणसांत बोलणे आजही जमत नाही, आणि लिहिण्याचा तर हा पहिलाच प्रयत्न, तोही एकसष्टाव्या वर्षी. चुका होतील. मात्र घडले त्यात मी भर घातलेली नाही — तेवढी कल्पनाशक्ती माझ्याकडे नाही.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर, सिडकोतील आमच्या घराची रस्त्याकडील खोली. वेळ: एप्रिलमधील रविवार, दुपारचे चार.

फेब्रुवारीत पुण्याला माझ्या मुलीचे लग्न झाले. त्याच्या पंधरा दिवस आधी आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले, त्यामुळे तिला नेता आले नाही. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, मूळची पिशोरची. पलंगावर पडल्या पडल्या तिने एकच गोष्ट मागितली — “मालूला पत्रिका दे. तुझ्या हातानं दे.”

मालू माझी धाकटी बहीण. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिने ती शिकवत होती त्याच शाळेतील एका बौद्ध शिक्षकाशी लग्न केले आणि आमच्या सुशिक्षित, भिंतीवर पदव्या टांगणाऱ्या घराने तिचे नाव टाकले. ती राहते फुलंब्रीला, म्हणजे येथून अर्ध्या तासावर. मी पत्रिकेवर तिचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. मग व्याही काय म्हणतील, पिशोरचे चुलते काय म्हणतील, असा विचार करत ती पत्रिका कपाटात ठेवून दिली. लग्नाहून परतल्यावर आईला सांगितले, “दिली होती. ती आली नाही.” आई “बरं” म्हणाली. त्यानंतर तिने मालूचा विषय काढला नाही.

आता पडद्याविषयी. आईच्या दृष्टीचा मधला भाग गेला आहे. समोरचा चेहरा तिला धूसर डागासारखा दिसतो. कडेचे तेवढे दिसते. लग्नाची फिल्म टीव्हीवर तिला काही केल्या दिसेना, म्हणून मी प्रोजेक्टर आणला आणि त्यासाठी पडदा कसला लावावा याचा अभ्यास सुरू केला. येथे माझे साडू विलासराव अवतरले. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. जगातील प्रत्येक यंत्राविषयी त्यांचे मत तयार असते.

“सर, भिंतीवर फिल्म बघणं म्हणजे पत्रावळीवर केक खाणं! हाय-गेन पडदा घ्या, डोळे झाकून.”

त्यांनी दोन नमुने आणले. एक रुपेरी, चकचकीत. दुसरा राखाडी, खिडकीचा उजेड शोषून घेणारा. चकचकीत पडदा सगळा प्रकाश समोर फेकतो — मधोमध बसणाऱ्याला लख्ख दिसते, बाजूच्याला अंधुक. विलासरावांना हा दोष कधी जाणवला नव्हता, कारण त्यांच्या घरी मधोमध तेच बसतात. आईचा पलंग तर भिंतीलगत.

“ह्ये टोचतंय डोळ्याला,” रुपेरी नमुना पाहून आई म्हणाली. राखाडीवर तिचे मत — “ह्यात समदे आजारी दिसत्यात.”

अखेर मी गुलमंडीवरून मोठ्या पन्ह्याचे पांढरे मांजरपाट आणले. साधे सुती कापड प्रकाश सर्व बाजूंना सारखा पसरवते. दुकानदाराने बजावले, “धो के लगाना सर, नैतो खळ चमकती.” विलासरावांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा हे एक वाक्य उपयोगी ठरले. कापड धुतले, इस्त्री केली, उजेड आरपार जाऊ नये म्हणून मागे काळी चादर लावली. कापड नऊ फूट, चित्र सहा फूट. त्यात प्रोजेक्टरचे स्टूल मधोमध बसेना, म्हणून चित्र उजवीकडे सरकवावे लागले आणि डावीकडे दोन हात कापड कोरे राहिले.

“काळी किनार पाहिजे, सर! किनार नसली की चित्र सांडतं,” म्हणून विलासराव मखमलीची पट्टी घेऊनच आले होते. आधी फिल्म सुरू करू, एवढे मी कसेबसे म्हणालो.

मंगलाष्टका सुरू झाल्या. आई तिरकी मान करून पाहत होती.

“मालू आली व्हती की रं.”

मला वाटले, दुसऱ्याच कोणाला पाहून ती फसली. “कुठे, आई?”

तिने बोट दाखवले. कोऱ्या कापडाकडे. “ही काय, खांबाला टेकून. चपला हातात धरल्यात. एकीचा अंगठा तुटलाय.”

“मावशी, तिथं नुसतं कापड आहे. चष्मा पुसून देऊ का?” विलासराव हसले.

“मला कुठंय चष्मा? तुझाच पूस.”

मी फिल्म थांबवली. आई म्हणाली, “आता ती बी थांबली. डोळं पुसत व्हती, हात तसाच ऱ्हायला.”

मी फिल्म मागे नेली. “आता नाय. अजून यायचीय.” पुन्हा पुढे नेली. तीन वेळा हा प्रयोग केला. तिसऱ्या मंगलाष्टकेला मालू यायची, अक्षता टाकायची आणि पंगत बसण्याआधी निघून जायची. तीनही वेळा तेच, त्याच जागी. त्या कापडावर मला सुरकुतीसुद्धा दिसत नव्हती.

विलासरावांना हे सारे किनारीच्या अभावाने होत असल्याचा साक्षात्कार झाला. त्यांनी उठून डावीकडे मखमल टाचली.

“झाकली व्हय रं तिला?” आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती जेवलीही नाही.

मी फोटोग्राफरकडून सगळे चित्रीकरण मागवून पाहिले. मंडपाच्या त्या बाजूला कॅमेरा एकदाही वळलेला नाही. मग तीन दिवस हिंमत गोळा करून मालूला फोन केला. नंबर माझ्याकडे कायमच होता.

“मालू, तू लग्नाला आली होतीस?”

“कुणाच्या तरी स्टेटसवर हॉलचं नाव दिसलं. लांबूनच अक्षता टाकल्या, दादा. चप्पल तुटली, ती हातात घेऊन निघाले. कुणी पाहिलं मला?”

“आईने.”

“आई कुठं होती तिथं?”

पुढच्या रविवारी ती आली. आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. “लग्नात न जेवता गेलीस व्हय?”

“बोलावलंच नव्हतं, आई. मग पानावर बसायचं कसं?”

आईने माझ्याकडे तोंड वळवले नाही. तिने मालूला विचारले, “आज जेवशील ना?” मालू जेवली. मी वाढले.

डॉक्टर म्हणाले, दृष्टी गेली की मेंदू मनाने चित्रे भरतो. मान्य. पण मेंदू तुटकी चप्पल कोठून आणतो, यावर ते घड्याळाकडे पाहू लागले. विलासराव अजून ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. त्यांना उत्तर देण्याचे कष्ट मी घेत नाही. ज्या वाचकांची मी इतकी वर्षे कीव केली, त्यांच्याच दारात आज उभा आहे, आणि आईला ते कसे दिसले हे मला सांगता येत नाही. पत्रिका कपाटात का राहिली, हे मात्र नीट सांगता येते. आईने ते अजून विचारलेले नाही.