उंब्रजच्या हॉटेलात आयरिश बासरी

बैल घ्यायचा असो की जावई बघायचा असो, आमच्या घरात थोरल्या भावाला सोबत नेल्याशिवाय व्यवहार होत नाही. मी आयरिश लाकडी बासरी घ्यायला निघालो तेव्हा आण्णा टोपी घालून गाडीत आधीच बसलेले होते.

फौजेत मी पाइप बँडमध्ये होतो. उभ्या नोकरीत कुणावर एक गोळी झाडली नाही, फक्त बॅगपाइपची मशक फुंकली. पेन्शनबरोबर दातदुखी आली, वरचे दात गेले आणि कवळी बसली. मशकीची नळी दातांत घट्ट धरावी लागते. भाचीच्या लग्नात मी ती मोठ्या ऐटीत तोंडात धरली आणि दोन फुंकरींत नळीबरोबर कवळीही बाहेर आली. वऱ्हाड अजून हसतंय. त्यानंतर मी काही वाजवलं नाही. छातीत दम होता, तो सगळा घरच्यांवर ओरडण्यात जायचा. खरं सांगायचं तर वाजवल्याशिवाय मला अजिबात करमत नव्हतं.

आयरिश बासरी नुसती ओठाला टेकवायची, दातांत काही धरायचं नाही, हे मला मोबाइलवर कळलं. शिवाय बँडमधल्या चाली तिच्यावर छान बसतात. पुण्याच्या एका हौशी माणसाला आपल्या जुन्या दोन बासऱ्या विकायच्या होत्या. तो कोल्हापूरला निघाला होता, म्हणून वाटेत उंब्रजला हायवेवरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं.

"बांबूची घे की. आष्ट्याच्या बाजारात ढिगानं मिळत्यात," पलूस सोडल्यापासून आण्णांचं चालू होतं.

"तिच्यावर माझी बोटं बसत न्हाईत, आण्णा."

"मग बोटं बदल."

हॉटेलात पुणेकरानं टेबलावर दोन्ही बासऱ्या मांडल्या. एक काळीभोर, चांदीच्या कड्यांची. दुसरी तपकिरी, साधी, बारीक भोकांची. माझा जीव अर्थातच काळीवर जडला. आण्णांनी दोन्ही उजेडाकडे धरून आतून पाहिल्या, नखानं वाजवल्या, वासही घेतला. पुणेकरानं काळी ओठाला लावून एक चाल वाजवली. सुरेख वाजली. आण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"पावणं, मालकाच्या हाताखाली समदीच जनावरं नीट चालत्यात. आमच्या माणसाला जुपू द्या."

मी काळी उचलली. तिची भोकं इतकी लांब लांब की खालच्या हाताची बोटं पोचेनात.

"लय उंच बैल हाय. तुझ्या गाडीला न्हाई जमायचा," म्हणत आण्णांनी ती काढून घेतली आणि तपकिरी हातात दिली.

हिच्यावर बोटं बरोबर बसली. मी फुंकलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं. शिट्टी होण्याआधी कुकर करतो तशी फुसफुस झाली. दर फुंकरीला कवळी सैल होऊन खाली घसरत होती. शेजारच्या टेबलावर मिसळ खाणारे चमचे धरून बघत बसले.

"हिला चीर असणार," मी म्हणालो.

"नाचता येईना अंगण वाकडं," आण्णा म्हणाले.

"काका, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. घरी सराव करा," पुणेकर समजुतीनं म्हणाला. पण उभा जन्म फुंकण्यात घालवलेल्या माणसाला कळतं की हा सरावाचा प्रश्न नाही. हीसुद्धा वाजली नाही तर पुढं काही नव्हतं. पेन्शन आणायची आणि बातम्यांवर चिडायचं, एवढंच उरलं असतं.

आण्णा माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते.

"दात काढ."

"आवं आण्णा, हितं?"

"मग काय तहसील कचेरीत जाऊन काढतोस? काढ."

बायकोसमोरही मी कधी कवळी काढलेली नाही. उंब्रजच्या हायवेवर, भर दुपारी, ती चहाच्या बशीत ठेवली. पुणेकर भिंतीवरचं दरपत्रक वाचू लागला. बोळक्या तोंडानं मी ओठ ताणून बासरीला टेकवले आणि हळू फुंकलं.

सूर आला. फाटका, घोगरा, पण सूर. मग त्याच्या शेजारचा आला. बोटं मला न विचारता एका संथ चालीत शिरली आणि अर्ध्यापर्यंत गेलीसुद्धा. पुढं छाती इतकी भरून आली की फुंकर निघेना. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली बासरीवर पडायला लागलं. मी ते पुसायचंही विसरलो.

आण्णा टेबलावरून वाकून माझ्या कानाशी आले.

"रडू नगं रं," ते पुटपुटले. "भाव वाढंल."