चन्नवीरची चिनी

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या आमच्या लुगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की आमचा नोकर चन्नवीर चिनी वाचत बसायचा. पुण्याच्या फुटपाथवर त्याला एक जुनं इंग्रजी-चिनी पुस्तक मिळालं होतं. त्यावर नऊ वर्षं बोट फिरवून त्यानं आठशे अक्षरं पाठ केली होती. कशासाठी? तर कानडी, मराठी, तेलुगू सोलापुरात कुणालाही येतं, त्यात कौतुक कसलं! "चिनी दुसऱ्या कुणाला येतंय, सांगा की," असं म्हणून तो ताठ चालायचा.

त्र्याहत्तर साली त्याचा मावसभाऊ शिवयोगी कापडाच्या एका पेढीत नोकरीला हाँगकाँगला गेला आणि दीड वर्षानं सुट्टीवर आला. मी त्याला भेटायला चन्नवीरच्या घरी गेलो होतो. त्यानं आणलेल्या सपाता चिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. घरातले सपातांवर तुटून पडले, चन्नवीर कागदावर. तो तिसऱ्या अक्षरापाशी अडखळतोय तोवर शिवयोगी चहा पितापिता म्हणाला, "खोली भाड्यानं देणे हाय, अण्णा. खाली सिनेमाची जाहिरात."

चन्नवीरचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला.

"शिकवणी लावलीस?"

"छे! बसच्या पाट्या, खानावळीच्या भिंती. वाचलं न्हाय तर उपाशी की!"

"बघा," चन्नवीर मला म्हणाला, "तितं भिंती ह्याला शिकवतात. हितं मी भिंतीला शिकवतोय."

मग तो ताडकन उठला आणि आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेला. सरावासाठी त्यानं तिथल्या डब्यांवर चिनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. एका डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "सांग, ह्यात काय?"

शिवयोगीनं डोकं खाजवलं. "हे न्हाय पाहिलं, अण्णा. तिकडं सगळा भातच."

चन्नवीर लई फुलला. उत्तर लगेच सांगून टाकण्यात काय मजा! तेवढ्यात भाकरी थापणारी त्याची बायको शरणम्मा म्हणाली, "ज्वारी की ती, भाऊजी. पलीकडं तूर."

"जागा पाठ असंल!" चन्नवीरनं सगळे डबे इकडचे तिकडं केले. तिनं पुन्हा एकेक बरोबर सांगितला.

"तुला कुणी शिकवलं?"

"रोज डबे मीच काढते की."

"वैनी, माझं असंच झालं!" शिवयोगीला कोण आनंद. "पुढच्या खेपेला तिकडचे छापील डबे आणतो तुमाला. सहा!"

दुसऱ्या दिवशी चन्नवीर गिऱ्हाइकाशी धड बोलेना. शेवटी मला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "सहा डबे तिला. मला एक तरी देतो म्हणला का हो त्यो?"