चौथ्या कोपऱ्याचा ग्राफ

आधीच सांगतो, या ग्रुपवर तुमचे किस्से वाचून गालात हसणाऱ्यांपैकी मी एक. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही... म्हणजे नव्हता. आता काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

मी खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. गेल्या वर्षीपर्यंत मोठा भाऊ होता — अण्णा. दोघंही बिनलग्नाचे, दोघंही पखवाजवाले. फरक एवढाच की अण्णा वाजवायचा आणि मी बडवायचो. तो गेला आणि घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज उरला नाही. त्याने बांधलेल्या रचना माझ्यामागे नाहीशा होऊ नयेत म्हणून आतल्या दहा बाय अकराच्या खोलीत त्या रेकॉर्ड करायला घेतल्या.

पण खोली घुमायची. डाव्या तोंडाला कणीक लावून थाप मारली की तो खर्ज भिंतींत नुसता लोळत राहायचा. एक बोल कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, कळायचं नाही. उपाय म्हणजे बेस ट्रॅप — हा घुमणारा खर्ज शोषून घेणारी रचना. त्यात दोन प्रकार माझ्यापुढे होते. एक, चारही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरून बुजवायचे. दुसरा, मागच्या भिंतीवर प्लायवूडची बंद पेटी, जी घुमणारा तेवढा एकच सूर धरते. यात कोपरे मोकळे राहतात.

माझा पुण्याचा मित्र साऊंड इंजिनियर आहे. तो म्हणाला, आधी मोज. स्पीकरवरून सूर सोडायचा, कोपऱ्यात माईक, आपण दाराबाहेर. संध्याकाळी पाचला मोजलं, चारही कोपऱ्यांचे ग्राफ पाठवले. लगेच फोन.

"खिडकीजवळच्या कोपऱ्यात कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

"अरे, माणूस बसला की वरचे सूर असे दबतात. खोली रिकामी करून मोज."

"माझ्या घरात दुसरं कोण असणार रे?"

अण्णाची रियाजाची जागा तीच, वेळही तीच, हे त्यालाही ठाऊक होतं. मग म्हणाला, "आणि तिथे खर्जही दबलाय. एक माणूस एवढा खर्ज शोषत नाही. तुझंच काहीतरी चुकतंय."

आठ दिवस मोजलं. माईक बदलला, स्पीकर हलवला. सकाळी तो कोपरा बाकीच्यांसारखाच घुमायचा. पाच ते सहा मात्र गप्प... भीती नाही वाटली, खरं सांगतो. उलट मी चहा दोन कप करायला लागलो. वेडेपणाच, पण बरं वाटायचं.

प्लायवूडची पेटी घ्यावी, कोपरा मोकळा राहील, असं मनात होतं. पण स्वतःचीच लाज वाटली. पन्नाशीचा घोडा आणि भासासाठी डिझाइन निवडतो! चारही कोपरे भरायचे ठरवून टाकले.

जवळच्या ओवे गावचा सुतार रॉकवूलच्या फ्रेमा घेऊन आला. तीन कोपरे झाले, खिडकीजवळच्या चौथ्यापाशी येईस्तोवर पाच वाजून गेले. तिथे अण्णाची सतरंजी अंथरलेली पाहून तो थांबला.

"दादा, हितं कोनी बसतं काय? नाय, म्हनून इचारतो."

"कोणी नाही. गुंडाळ ती."

"मंग ठोकू?"

"ठोक."

दुसऱ्या दिवशी पाचला मोजलं. मित्र खूश — ग्राफ एकदम सुरेख. रेकॉर्डिंगही स्वच्छ आलं, एकेक बोल सुटा. मी ते ऐकलं, हेडफोन काढले, आणि त्या खोलीत मला बसवेना. अण्णा गेला त्या दिवशीही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती फ्रेम मी स्वतः उचकटून काढली, सतरंजी अंथरली, पाचला मोजलं. कोपरा घुमला. गेले चार महिने रोज मोजतोय. रोज घुमतो, सकाळसारखाच.

मित्र म्हणतो, आधीचंच मोजमाप चुकलं असणार. आठही दिवस? बरोबर पाचलाच? खुलासा आता मला नकोच आहे. सुताराने विचारलं तेव्हा "माझा भाऊ बसतो" एवढं म्हणायला माझं काय जात होतं, हेच फक्त कळत नाही.