बोऱ्यातला आवाज

इस्माईलभाई दारात उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "आवाज बंद झाला, भाऊ..." पुढे मला काही विचारावं लागलं नाही. अकोल्याहून अमरावतीपर्यंत बैलगाडीत बसून त्यांनी एवढंच आणलं होतं. माझा मित्र सखाराम गेला. त्याला आता महिना उलटला.

समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली आमची खरी सोबत. मी आणि सखाराम दोघेही हिवरखेडचे, पोटापाण्यासाठी अकोल्याच्या एका कापसाच्या वखारीत लागलो. वाफेची यंत्रं तिथे अजून आली नव्हती. जमिनीत खोल खड्डा, त्यात गोणपाटाचा लांबलचक बोरा सोडलेला, त्याचं तोंड वर खुंट्यांना ताणून बांधलेलं. एकाने आत उतरून पायांनी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तुडवायची, वरच्यांनी टोपल्या ओतायच्या. धुळीत आतला माणूस दिसत नसे. म्हणून रीत अशी, की त्याने देवाचं नाव मोठ्याने घेत राहायचं. सखाराम 'नमः शिवाय' म्हणायचा, दर पावलाला एकदा. आवाज थांबला की टोपली थांबवायची. मुकादम इस्माईलभाई काठावर कान देऊन बसत. माणूस पाच वेळच्या नमाजाचा, पण तो मंत्र त्यांच्याइतका नीट आमच्यापैकी कुणीच ऐकला नसेल.

एका दिवाळीनंतर सखारामने कुण्या गोसाव्याकडून उपदेश घेतला. गुरूने कानात मंत्र दिला आणि बजावलं, की मोठ्याने केलेला जप सगळ्यांत खालचा, ओठांतल्या ओठांत केलेला त्याच्या वरचा आणि मनातला सर्वांत श्रेष्ठ. शिवाय हा मंत्र दुसऱ्याच्या कानी पडला तर केलेलं सगळं वाया. झालं! दुसऱ्या दिवशी स्वारी मुकाट्याने बोऱ्यात उतरली.

"आवाज दे," इस्माईलभाई म्हणाले.

"मनात चालू हाये."

"मनातलं मले कसं आइकू येईन? दुसरं काई म्हन. गानं म्हन!"

"तोंड एक म्हनीन आन् मन दुसरं, मंग तो जप कायचा?"

मला त्याचा संताप आला. हट्टी तर तो पहिल्यापासूनच. शेवटी त्याच्या मनगटाला दोरी बांधली आणि दुसरं टोक इस्माईलभाईंनी धरलं. त्याने अधूनमधून ओढायची, म्हणजे तो ठीक आहे हे कळेल. मालकाला अंधार पडायच्या आत गाड्या हाकायच्या होत्या. तो आमच्या पाठीशी उभा राहून घाई करत होता. दोरी हलत होती, आम्ही ओतत होतो... आणि मग ती हलेना.

इस्माईलभाईंनी हिसका दिला. दोरी ताठ, रुईत रुतून बसलेली. मी हाका मारल्या. खालून काही नाही. मालक म्हणाला, "जपात असेल. ओता!" इस्माईलभाईंनी टोपलीला लाथ मारली आणि पालथे पडून रुई उपसू लागले. मीही पडलो. उपसावी तेवढी पुन्हा खाली घसरत होती. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. कोपरापर्यंत हात घातला तेव्हा त्याचं मनगट लागलं. ते दोरी ओढतच होतं.

वर काढला तेव्हा तोंड काळंनिळं, नाकात रुई. श्वास परत सुरू झाल्यावर इस्माईलभाईंनी आधी त्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्याला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

काही दिवसांनी तो पुन्हा कामावर आला. खड्ड्यात उतरला आणि खणखणीत म्हणाला, "नमः शिवाय."

मी वरून विचारलं, "हा तं जुनाच. गुरूनं देला तो कोनता?"

"हाच."

"मंग लपवून काहून राहिला होता?"

तो तुडवत राहिला. मग म्हणाला, "कानात देला म्हनून लपवला. आता वाटते, आइकाले कोनी पायजे म्हनून कानात देला."

शास्त्र मला कळत नाही. गोसावी चुकला असंही मी म्हणणार नाही. पण पुढे अमरावतीला आल्यावर कुठेही जप कानी पडला की मला तो खड्डाच आठवतो, आणि आवाज चालू आहे ना, एवढंच मी आधी पाहतो.

त्या धुळीनेच पुढे सखारामची छाती धरली. निरोप मिळताच मी इस्माईलभाईंच्या गाडीने अकोल्याला गेलो. सखारामच्या बायकोला, यमुनावहिनींना विचारलं, "शेवटी आवाज होता का?"

"तो तं कवाचाच गेला होता, भाऊजी. मंग ओठबी हालनं बंद झालं. म्या पदराचं टोक त्याईच्या मनगटाले बांधलं. दिसभर थे ओढत राह्यले, थोडं थोडं..." त्यांनी खुंटीकडे पाहिलं. "मंग सैल पडला. म्या इकून ओढून पाह्यलं. लय डाव पाह्यलं."

ते लुगडं खुंटीवर होतं. पदराच्या टोकाला मनगटाएवढा फास, गाठ तशीच. सोडू का, असं मी विचारलं. वहिनींनी नको म्हणून मान हलवली.

निघताना इस्माईलभाई त्या खुंटीपाशी थांबले. त्या दिवशी दोरी धरली होती तसा त्यांनी पदर हातात धरला, डोळे मिटले आणि कान देऊन उभे राहिले.